बर्फाखालच्या समुद्रात यंत्र उतरवायचं तर मागचं भोक उघडं ठेवायचं की मिटू द्यायचं?

विज्ञानताई, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषद शाळेवर विज्ञान शिकवते. नववीच्या चार मुलींनी यंदा प्रदर्शनासाठी विषय घेतलाय: गुरूचा चंद्र युरोपा, त्याच्या बर्फाखालचा समुद्र आणि त्यात उतरणारं यंत्र. वर्गात मी १४ ऑक्टोबर २०२४ ला सुटलेल्या युरोपा क्लिपर यानाबद्दल सांगत होते. ते एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, युरोपाच्या जवळून ४९ वेळा जाईल, रडारनं बर्फाची जाडी मोजेल, पण उतरणार नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “मग मॅडम, पाण्यात कोण उतरणार?” तेव्हापासून चौघी त्या प्रश्नाला धरून बसल्यात आणि त्यांच्याबरोबर मीही.

आम्ही काय केलं ते सांगते. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, भुसा आणि गोणपाट गुंडाळून, रिक्षातून. किराणा दुकानातून अर्धा किलोचं जुनं पितळी वजन मागून घेतलं. त्याच्या मुठीला तार बांधली, तारेला सुतळी. गॅसवर वजन चांगलं तापवून लादीवर ठेवलं. चर्र आवाज, वाफ, आणि वजन खाली बसायला लागलं. पोरी टाळ्या वाजवत होत्या तोवर ते थांबलंसुद्धा. पट्टीनं मोजलं तर साडेचार सेंटीमीटर. दुसऱ्यांदा तापवून त्याच भोकात सोडलं, तर खाली जेमतेम तीन सेंटीमीटर गेलं, पण भोक मात्र मधोमध फुगलं. वरून तोंड लहान, आत मडक्यासारखं पोट.

मग एका मुलीनं बादलीत बर्फ करताना मध्ये काळ्या मातीचा बोटभर थर टाकला. म्हणाली, तिकडचा बर्फ आपल्या पाण्यासारखा स्वच्छ कशावरून असेल? वजन मातीपर्यंत गेलं आणि चिखलावर बसून राहिलं. कितीही तापवलं तरी खाली सरकेना.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त मनाला लागला. आइस्क्रीमवाल्या दादांनी डीप फ्रीझर एका रात्रीपुरता दिला. वजन भोकात ठेवून लादी आत ठेवली. सकाळी वितळलेलं पाणी पुन्हा गोठून वजनाच्या डोक्यावर बर्फ चढला होता, आणि सुतळी भिंतीत चिणल्यासारखी. चौघींनी मिळून ओढली, तुटली.

म्हणून विचारते. यंत्रानं वितळवत जावं की पोखरत? मातीचं काय करायचं? आणि मागचं भोक मिटत जाणार असेल तर ते उघडं ठेवायची काही युक्ती आहे का? भोकच मिटलं तर वर निरोप कसा येणार, हे मुलींना पटवून देता येत नाहीये.

रिगवाला, औसा

ताई, पितळी वजनाचं वाचलं अन् ताटावरून उठून लिहायला बसलो. मी बोअरच्या गाडीवर २२ वर्षं काढली. आधी हेल्पर, मग ड्रिलर, आता स्वतःची गाडी आहे. अवकाशातलं मला पुस्तकातलं जेवढं तेवढंच कळतं, पण भोक पाडणं अन् भोक मिटणं ह्या दोन गोष्टी मी रोज बघतो.

तुमच्या तिसऱ्या प्रयोगाचं आधी बोलतो, कारण खरी गोम तिथं आहे. आमच्याकडं बोअर मारताना वर काय असतं? गाडी, इंजिन, कॉम्प्रेसर, डिझेलची टाकी, रॉडचा ढीग, अन् चार माणसं. खाली फक्त हॅमर अन् त्याच्या टोकाचं दगड फोडणारं बिट. म्हणजे ताकद वर अन् काम खाली, मधी रॉड. आता हे चालायचं तर मधलं भोक उघडं राहायलाच पाहिजे. म्हणून वरच्या मातीत, मुरमात केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आधाराचा पाइप, टाकतो. काळा पाषाण लागला की केसिंग नको, तो उभा राहतो. पण आपल्या मराठवाड्यात पाषाण एकसारखा नाही. दोन पाषाणांच्या मधी लाल गेरूचा थर येतो, तो ओला झाला की साबणासारखा.

निलंग्याकडं एका शेतात असंच झालं. ३८० फुटावर होतो, साडेसहा इंची बोअर. वरचा गेरू सुटला. आवाजच बदलला. खणखण चालू होतं ते एकदम मऊ, गादीवर बुक्की मारल्यासारखं. हॅमर खाली, माती वर. रॉड ना फिरेना ना वर येईना. दोन दिवस हवा मारून, जॅक लावून बघितलं. शेवटी हॅमर अन् १९ रॉड तिथंच सोडले. शेतकऱ्यानं उसाच्या बिलातून पैसे उभे केले होते. बांधावर बसून राहिला, बोलला काहीच नाही. ती जागा अजून त्या शिवारात आहे, तिकडून जाताना मी गाडी हळू करतो.

त्या बोअरनं मला एक शिकवलं. भोक मिटणार असं जर आधीच पक्कं ठाऊक असलं, तर ताकद वर ठेवायची नाही. सगळं खाली न्यायचं. कॉम्प्रेसर खाली, डिझेल खाली, ड्रिलरची अक्कल पण खाली. मग वरून माती पडू द्या नाहीतर बर्फ गोठू द्या, खालच्याला फरक पडत नाही. तुमच्या पोरी भोक उघडं कसं ठेवायचं विचारायलेत. माझं म्हणणं, ठेवूच नका. युरोपावर १५-२० किलोमीटर बर्फ असला तर तेवढ्या खोलीला कोण केसिंग टाकणार? रशियावाल्यांनी त्यांच्याकडच्या कोला भागात जगातलं सगळ्यांत खोल भोक पाडलं, १२,२६२ मीटर, अन् त्याला १९७० ते १९८९ एवढी वर्षं गेली. अन् आपल्या शेजारी किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी बोअर घेतला तो ६१७ मीटर. त्यात वरचे ३३८ मीटर नुसता काळा पाषाण. ते लोक सगळी यंत्रणा वर ठेवून, नमुने वर काढत गेले. तिकडं वर ठेवायला कुणीच नाही.

आता मातीचं. आम्ही कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून खाली मारतो, ती बिटच्या तोंडातून निघून चुरा घेऊन बाजूनं वर येते. याला फ्लशिंग म्हणतो. फ्लशिंग बंद झालं की बिट आपल्याच चुऱ्यावर आपटतं अन् फूटभर पण पुढं जात नाही. तुमचं वजन चिखलावर बसलं ते हेच. पण बंद भोकातून चुरा वर कसा येणार? यायची गरजच नाही. यंत्राच्या नाकापासून शेपटापर्यंत गेला तरी बास. दोन-तीन मीटर. नाकाला भोकं ठेवा, वितळलेलंच पाणी आत ओढून, गरम करून पिचकारीसारखं पुढं मारा. चिखल ढवळून यंत्राच्या अंगावरून मागं जाईल अन् मागच्या बर्फात गोठून जाईल. आपण पुढं गेलो की तो चिखल कुणाच्या आड येत नाही.

मडक्यासारखं पोट का झालं, तर वजन सगळ्या अंगानं गरम होतं. उष्णता जिकडं वाट मिळंल तिकडं गेली. यंत्राचं नाक तापवा, अंग नुसतं चिकटणार नाही एवढंच कोमट ठेवा.

अजून एक, जे तुमच्या प्रयोगात आलं नाही पण येईल. बोअर वाकडा जातो. बिटच्या एका बाजूला मऊ, दुसऱ्या बाजूला कडक लागलं की मऊकडं झुकतं. आमच्याकडं मोटर सोडताना कळतं, दीडशे फुटावर घासायला लागते. तुमच्या यंत्राला एका बाजूनं दगड लागला तर ते आडवं होईल, अन् आडवं झालं की संपलं. म्हणून नाकात एकच हीटर नको. चार फाका करा, चारी वेगळ्या. ज्या बाजूला झुकलं त्याच्या विरुद्ध बाजूला जास्त ताप द्यायचा. पोरींना सांगा, नाकाच्या चित्रात चार रंग भरा.

नांदेडचा भौतिकीवाला

रिगवाले भाऊंनी जे अनुभवातून सांगितलं ते १९६० च्या दशकातच कार्ल फिलबर्थ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं करून दाखवलं. ग्रीनलंडच्या बर्फात त्याचं वितळवत जाणारं यंत्र १९६८ साली १,००० मीटरच्या खाली गेलं. त्याची सगळी हुशारी तारेत होती. तारेचं भेंडोळं वर नव्हतं, यंत्राच्या पोटात होतं. यंत्र खाली जाईल तशी तार मागं सुटत जायची आणि त्या जागी गोठून जायची. गोठलेली तार ओढायचीच नसते, त्यामुळे ती तुटायचा प्रश्न येत नाही. ताई, मुलींची सुतळी वरून ओढली म्हणून तुटली.

भोक उघडं ठेवण्याचा उलट मार्गही पृथ्वीवर झालाय. अंटार्क्टिकातल्या बर्फाखालच्या व्होस्टोक सरोवरापर्यंत रशियन पथक ५ फेब्रुवारी २०१२ ला पोचलं, ३,७६९ मीटर खाली. भोक मिटू नये म्हणून त्यात रॉकेलसारखं द्रव भरून ठेवलं होतं, आणि मग वर आलेल्या नमुन्यातला जिवाणू सरोवरातला की त्या द्रवातला, हा वाद मागं लागला. युरोपावर जीव शोधायला जाताना असला डाग परवडणार नाही. तिथला समुद्र आपल्या जंतूंनी दूषित होण्याची शक्यता दहा हजारात एकाहून कमी ठेवायची, असा आंतरराष्ट्रीय दंडकच आहे.

मुलींना वहीत करता येईल असा हिशेब देतो. भाऊंचाच साडेसहा इंची बोअर धरू, म्हणजे साडेसोळा सेंटीमीटर व्यास. एक मीटर खाली जायला सुमारे २० किलो बर्फ वितळवावा लागतो. युरोपाचा वरचा बर्फ उणे १६० ते १७० अंश सेल्सिअस. तो आधी शून्यावर आणायचा आणि मग वितळवायचा, तर किलोला साधारण ६०० किलोज्यूल लागतात. म्हणजे मीटरला १२,००० किलोज्यूल. यंत्रात १० किलोवॉट उष्णता असेल तर मीटरला २० मिनिटं, दिवसाला ७२ मीटर, आणि २० किलोमीटरला सुमारे २८० दिवस. पण हा आदर्श हिशेब झाला. बर्फ जितका थंड तितका तो उष्णता जास्त सहज वाहून नेतो. उणे १७० अंशांचा बर्फ शून्याजवळच्या बर्फापेक्षा अडीच पटीहून जास्त वेगानं उष्णता बाजूला पळवतो. मडक्याचं पोट तिथं आणखी मोठं होणार. दुप्पट-तिप्पट वेळ धरा.

हे १० किलोवॉट कुठून आणायचे? मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीत ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आहे, त्यातून नवं असताना २,००० वॉट उष्णता निघत होती. तसे पाच संच लागतील. प्लुटोनियम-२३८ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८७.७ वर्षं, त्यामुळे काही वर्षांच्या कामात ते थंड पडत नाही. अडचण उलटीच आहे: ते बंद करता येत नाही. पृथ्वीवरून निघाल्यापासून युरोपाला पोचेपर्यंत ती उष्णता बाहेर फेकत राहावी लागते.

आणि “वितळवत की पोखरत” याचं उत्तर: दोन्ही. युरोपावर हवा जवळजवळ नाही. तिथं उघड्या बर्फाला उष्णता दिली तर पाणी होत नाही, थेट वाफ होऊन उडते, आणि त्याला वितळवण्याच्या आठपट ऊर्जा लागते. म्हणून पहिले काही मीटर पात्यानं कापत जायचं. यंत्र पूर्ण आत गेलं आणि डोक्यावरचं तोंड मिटलं की मग दाब टिकतो, पाणी पाणी राहतं, आणि वितळवणं सुरू करता येतं. म्हणजे भोक मिटणं नुसतं चालण्यासारखं नाही, ते व्हायलाच पाहिजे.

खोलपाणी

मूळचा परभणीचा. समुद्रातल्या तेलविहिरींवर दूरचालित पाणयंत्र चालवतो, त्याला आम्ही आरओव्ही म्हणतो. तारेबद्दल थोडं भर घालतो.

फिलबर्थची युक्ती ग्रीनलंडला चालली कारण तिथला बर्फ एका दिशेनं संथ सरकतो. युरोपा साडेतीन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या ओढीनं त्याचं कवच ताणलं जातं, आवळलं जातं. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासल्या तर गोठलेली तार कात्रीत सापडल्यासारखी होते. माझ्या कामात तार तुटली की यंत्र आंधळं होतं, मी हे दोनदा भोगलंय. म्हणून तारेबरोबर वाटेत टप्पे सोडायचे. जाड बिस्किटाएवढे रेडिओ, प्रत्येकात स्वतःची बारीकशी उष्णता आणि वीज. यंत्र खाली जाताना एकेक मागं सोडत जातं, ते तिथंच गोठतात आणि निरोप हातोहात वर देतात. वरचा कडक थंड बर्फ रेडिओला बऱ्यापैकी पारदर्शक असतो. खालचा, समुद्राजवळचा बर्फ कोमट आणि खारट, तो लहरी गिळतो. तिथं टप्पे जवळजवळ ठेवायचे.

वरून कुणी हँडल धरून चालवेल ही आशा सोडा. गुरूपासून पृथ्वीपर्यंत निरोपाला ३३ ते ५४ मिनिटं लागतात, आणि परत तेवढीच. मला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी यंत्र आपटतं. भाऊ ड्रिलरची अक्कल खाली न्या म्हणाले, ते शब्दशः खरं आहे.

दाबाची मात्र फार भीती नको. युरोपाचं गुरुत्व आपल्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. २० किलोमीटर बर्फाखाली जेवढा दाब, तेवढा आपल्या समुद्रात २,४०० मीटरवरच येतो. तिथं काम करणारी यंत्रं आज आहेत.

विज्ञानताई, अंबाजोगाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण आम्ही बादल्या गोठवत होतो.

भाऊंचं फ्लशिंग करून पाहिलं. सलाईनची नळी पितळी नळीला जोडली, थर्मासमधलं गरम पाणी उंचावरून सोडलं. बादलीत तोच बोटभर काळ्या मातीचा थर. नळीचं टोक मातीला टेकलं तेव्हा आधी काही झालं नाही. मग पाणी गढूळ झालं, नळीच्या अंगावरून चिखलाचा कढ वर आला आणि टोक सर्रकन खाली गेलं. जिनं मातीचा थर टाकायची कल्पना काढली होती ती ओरडली, “मॅडम, चुरा मागं गेला, आपण पुढं!” तिच्या वडिलांचा बोअर गेल्या उन्हाळ्यात आटला. चुरा, केसिंग हे शब्द तिला घरातूनच ठाऊक आहेत, आणि युरोपाच्या तक्त्यावर तिनं तेच लिहिलेत. मी बदलले नाहीत.

दोऱ्याचं भेंडोळं आता वजनाच्या वर डबी जोडून त्यात ठेवलंय. वजन खाली जातं तसा दोरा सुटतो. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी लादी फोडली, दोरा वरपासून खालपर्यंत अखंड. नाकाच्या चित्रात चार रंग भरलेत.

एक प्रश्न मात्र मला सोडवता आला नाही. चौघींतली सगळ्यांत गप्प असते तिनं विचारला. एवढ्या खाली गेल्यावर पाणी लागलं हे यंत्राला कळणार कसं? आणि कळेपर्यंत ते तळ फुटल्यासारखं समुद्रात पडलं तर? खाली म्हणे शंभर किलोमीटर पाणी असू शकतं.

रिगवाला, औसा

त्या पोरीला सांगा, हा प्रश्न ड्रिलरचा आहे.

आमच्याकडं पाणी लागायच्या आधी कळतं. चुऱ्याचा रंग बदलतो, कोरडी धूळ येत असते ती ओलसर, चिकट यायला लागते. मग आवाज. मग रॉडवर हात ठेवला की हाताला कळतं, खाली काहीतरी पोकळ आहे. मी पाइप धरून उभा राहतो तेव्हा डोळे मिटतो, हेल्परला बोलू देत नाही.

तुमच्या यंत्राला हात नाही, पण थर्मामीटर आहे. वर उणे १६०, खाली जाईल तसा बर्फ कोमट होत जाणार, समुद्राजवळ तो वितळायच्या बेतात आलेला असणार. खाली जायला उष्णता कमी लागायला लागली, वेग आपोआप वाढला, की समजायचं जवळ आलं. त्यात नाकातून आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायचा, वटवाघळासारखा. बर्फ अन् पाणी जिथं भेटतं तिथून आवाज परत येणार.

अन् पडायचं नाही. आम्ही मोटर सोडताना पाइपाला क्लॅम्प लावतो, तो केसिंगच्या तोंडावर बसतो, खाली सगळं लटकतं. तसंच करायचं. शेवटचे काही मीटर राहिले की नाकाचा ताप कमी करायचा, मागचं अंग थंड होऊ द्यायचं. इतके दिवस ज्याची भीती वाटत होती तो बर्फच यंत्राला मागून आवळून धरील. शेपूट बर्फात पक्कं, नाक पाण्यात. मग तिथून लहान लहान पोहणारी यंत्रं सोडायची. अमेरिकेत असल्या पोहणाऱ्यांची चाचणी २०२४ मध्ये पोहण्याच्या तलावात झाली, ४२ सेंटीमीटरची होती, पुढं ती वीतभरापेक्षा लहान करायचं म्हणतात. मोठं यंत्र बाजेसारखं जागेवर, पोरं आजूबाजूला फिरून येणार.

प्रदर्शन कधी आहे ते कळवा. गाडी त्या बाजूला असली तर येतो. जुनं घासलेलं बिट आहे माझ्याकडं, साडेसहा इंची, पोरींना हातात घेऊन बघू द्या.